मिठबावच्या मावशीचा फोटो आणि माझी एकपायी काठी

कणकवली

मी हातात धरून काढलेल्या फोटोत डोंगरसुद्धा हललेले येतात. बायकोचा, म्हणजे शुभाचा, मी काढलेला एकही फोटो असा नाही ज्यात तिला दोनच डोळे आहेत. निवृत्त झाल्यावर सोलापुरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात नाव घातलं, तेव्हा तिथल्या जाणत्या मंडळींनी आधी माझे फोटो बघितले, मग माझे हात बघितले आणि मला मोनोपॉड घ्यायला लावला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या तिपाईचा एकच पाय उरला तर जे होईल, ते मोनोपॉड. काठीसारखा दिसतो, हवा तेवढा लांब होतो. त्याच्या डोक्यावर एक खाच असते आणि खाचेला खटका. कॅमेऱ्याच्या पोटाला एक काळी, बोटभर प्लेट स्क्रूने बसवायची. ती खाचेत सरकवली की ‘टच्’ असा आवाज होतो आणि कॅमेरा काठीवर पक्का. खटका ओढला की कॅमेरा लगेच हातात. चुकून उघडू नये म्हणून खटक्याशेजारी एक बारीक पिन असते, ती लावायची. मी ती लावत नसे. पिन लावली की खटका खुळखुळ करत नाही आणि माझी निम्मी मजा जाते. विकत घेतल्यापासून जेवणाच्या टेबलावर बसून मी टच् टच् करत असे, आणि शुभाने ती काठी घरात आणायला बंदी घालायच्या आत आम्ही तिच्या मावशीकडे मिठबावला जायला निघालो हे बरंच झालं.

कणकवलीच्या एसटी स्टँडवर उतरलो. मावशीचा मुलगा प्रकाश आम्हाला न्यायला येणार होता. बाकड्यावर एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या काठीकडे बराच वेळ बघितलं.

“ह्येचे दुसरे दोन पाय खंय रवले?”

“याला एकच पाय असतो.”

“आणि तेच्यार उभो रवता?”

“नाही, आपण धरून उभं राहायचं.”

“म्हणजे तुमी तेका धरतास.”

“हो.”

“मगे तेचो उपयोग काय?”

मंडळात इतक्या चर्चा झाल्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उत्तर शोधत असतानाच प्रकाशचा टेम्पो आला, त्यामुळे सुटलो.

मिठबाव

प्रकाशचा टेम्पो आंबे वाहायचा. शुभा पुढे बसली आणि मी मागे, रिकाम्या पेट्यांमध्ये, कॅमेरा पोटाशी धरून. वाटेत कुणीही भेटलं की प्रकाश गाडी हळू करी आणि समोरचा पहिला प्रश्न विचारी, “आज मासो काय?” आमच्याकडे सोलापुरात ओळखीचा माणूस भेटला की “पाणी आलं का?” विचारतो, तसंच हे. ज्याची ज्याला काळजी.

शांतूमावशी अंगणातच उभी होती. बारीक, ताठ, आणि आवाज असा की अंगणाचा दगडी गडगा ओलांडून पलीकडच्या बागेतली माणसं काम थांबवतात. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, त्यामुळे तिने आधी माझ्या काठीला नमस्कार केला आणि मग मला.

जेवायला बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मी सोलापूरहून नेलेली कडक भाकरी मावशीने दाताखाली धरून पाहिली, परत ताटात ठेवली आणि “ह्या कौलाच्या जागी घरार घालूक बरा,” असं म्हणाली. शेंगाचटणी मात्र तिने पुन्हा मागून घेतली. मी दुसरी वाटी सोलकढी तोंडाला लावली होती, तेवढ्यात ती म्हणाली, “जावयानू, तुमी फोटो काढतास मा? माझो एक काढा. हार घालूचो.”

सोलकढी माझ्या नाकात गेली.

“मावशे, काय गो बोलतंस ह्या!” शुभा ओरडली.

“परवा माझा डोळ्याचा ऑपरेशन आसा.”

“मोतीबिंदूचा! थोड्या वेळात घराक धाडतत.”

“देव काय सांगान व्हरता?”

देव कुणाला सांगून नेतो काय, असा तिचा सवाल. मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तिच्या जाऊबाईंचा हार घातलेला फोटो होता. त्या गेल्या तेव्हा घरात त्यांचा एकटीचा फोटोच सापडला नाही, म्हणून कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. त्यामुळे त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी कोपर आलं होतं. “येतलो तो माणूस हात जोडता आणि इचारता, हो कोपर कोणाचो? जावेचा कोण इचारीत नाय,” मावशी म्हणाली. “माका कोपर नको. एकटीचो होयो. आणि मी हसतलंय नाय. भिंतीवरसून माका ह्या घराकडे बघूचा आसा.”

प्रकाशने हातातला घास ताटात ठेवला. “भावोजी, वायच हसताना काढा हां,” तो मला हळूच म्हणाला. “माका रोज तेच्याखाली जेवूचा आसा.”

आम्ही हसलो. मावशीही हसली, पण हसून झाल्यावर पुन्हा त्या फोटोकडे बघत राहिली. तिला खरंच भीती वाटत होती. डोळ्याची नव्हे. आपण गेल्यावर आपण कशा होतो हे कुणाला नीट दिसणार नाही, याची. ते माझ्या लक्षात आलं आणि मी मनाशी ठरवलं की मावशीचा फोटो हलता कामा नये.

दुसऱ्या दिवशी, तिथेच

सकाळी कॅमेरा काढला, तर पोटाला प्लेट नाही. आदल्या संध्याकाळी पुसायला म्हणून काढून मी ती पडवीत ठेवली होती आणि पडवीत ती नव्हती. प्लेट नाही म्हणजे खाचेत बसवायला काही नाही, म्हणजे एवढा मोठा मोनोपॉड केवळ काठी.

“त्याच्याशिवाय फोटो निघत नाही का?” शुभाने विचारलं.

“निघतो. हलतो.”

“म्हणजे मावशीला चार डोळे येणार. आणि डॉक्टर तर एकाचंच ऑपरेशन करणार आहेत.”

सगळं घर शोधलं. विहिरीचा काठ, लाकडांची खोप, प्रकाशच्या टेम्पोतली एकेक पेटी. प्रकाशने एका कोंबडीकडे फार संशयाने बघितलं. शेवटी शेजारचे नाना आले. ते म्हणाले, असं शोधून काही होत नाही, गाऱ्हाणं घालूया.

आमच्याकडे देवासमोर हात जोडतात आणि डोळे मिटून गप्प उभे राहतात. देवाला सगळं ठाऊक असतं असं आम्ही धरून चालतो. इकडे तसं नाही. इकडे एक जाणता माणूस उभा राहून देवाला सगळी हकीकत नावागावासकट मोठ्याने सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला दुजोरा देतात, म्हणजे देवाला ‘मला कळलं नव्हतं’ असं म्हणायला जागा राहत नाही. नानांनी मला वस्तूचं नाव विचारलं. मी “क्विक रिलीज प्लेट” म्हणालो. ते देवाला सांगण्यासारखं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी थोडा विचार केला आणि टोपी सारखी केली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे. सगळ्यांत मोठा आवाज स्वयंपाकघरातून, मावशीचा. ती आत नारळ खवत बसली होती.

“आज ह्ये सोलापूरचे जावय तुझ्या गावात इले आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंची ती झटकन सुटणारी पट्टी हरवली आसा. ती कोणी उचलली आसात, खंय पडली आसात, कोंबयेन गिळली आसात…”

“व्हय म्हाराजा!” इथे प्रकाशचा आवाज चढला.

“तर ती जयसर आसा थयसून परत हाडून दी. आणि ह्येंच्या हाताची थरथर वायच कमी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हे मी मागितलं नव्हतं. पण बाकी सगळ्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की मीही म्हणालो.

“आणि ह्ये तुका आत्ताच्या आत्ता नारळ देतले, म्हाराजा!”

आतून येणारा “व्हय” अर्ध्यावर थांबला. “नारळ? एकच होतो. तो मी फोडलंय,” मावशी म्हणाली आणि आणखी एखादा आहे का ते बघायला उठली. ती उठल्याबरोबर तिचा आडाळो, म्हणजे नारळ खवायची बसकी विळी, एका बाजूला कलंडला. त्याच्या पायाखाली माझी प्लेट होती.

“ह्या होय?” मावशी म्हणाली. “ह्या काल पडवीत गावला. आडाळो कितके दिस डुगडुगत होतो. आता बघा कसो घट बसलो.”

“मावशी, ते कॅमेऱ्याचं आहे.”

“आसांदे. पण बसलो बरो मां?”

बसला खरंच बरा होता. प्लेटला वरून रबर असतं ते कॅमेरा घसरू नये म्हणून, आणि मावशीने अगदी त्याच कामाला ती लावली होती. ओला नारळ खवून होईपर्यंत तिने ती मला दिली नाही. नाना मात्र “देवान दिल्यान!” असं म्हणत अंगणात उभेच राहिले. प्रकाशने झाडावरून नारळ पाडून त्यांच्या हातात ठेवल्यावर मग गेले.

मग फोटो. अंगणात खुर्ची मांडली. मावशी इरकली साडी नेसून आली. ती मीच मागे एकदा सोलापूरहून आणली होती. प्लेट स्क्रूने बसवली, टच्, मोनोपॉड उभा केला, श्वास रोखला. फोटो अजिबात हलला नाही. हललं नाही हीच अडचण झाली, कारण मावशीतलंही काही हललं नाही. जन्मभर बोलणारं ते तोंड तिने असं मिटलं, डोळे असे ताणले, की पंचनाम्याला पंच म्हणून धरून आणलेली बाई वाटावी. कितीही काढले तरी तेच. मी विनोद सांगितले, शुभाने सासरच्या कागाळ्या सांगितल्या, प्रकाशने कोंबडी नाचवली. कॅमेरा समोर आला की मावशी दगड.

तिने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याजवळ नेऊन बघितला. “माका नुसतो धूर दिसता. बरो आसा मा?”

“बरो आसा, आये,” प्रकाश म्हणाला. त्याच्या आवाजावरून तो आपली पुढची सगळी जेवणं डोळ्यांसमोर आणत होता हे कळत होतं.

मालवण

ऑपरेशननंतर आपल्याला पथ्य पडणार असं मावशीने स्वतःच ठरवलं होतं. म्हणून त्याआधी एकदा मालवणचा बाजार करायचा, असाही हुकूम निघाला. दुपार कलल्यावर निघालो. मावशी आणि शुभा पुढे, मी मागे पेट्यांत.

बंदरावर होड्या लागल्या होत्या आणि वाळूवर लिलाव चालला होता. माशांचे ढीग, त्यांच्याभोवती माणसांचं कडं, आत लिलाव पुकारणारा. समुद्रात किल्ला, त्यावर तिरपं ऊन. मला आतलं काही दिसेना, नुसती डोकी. तेव्हा मंडळात शिकवलेली एक युक्ती आठवली. मोनोपॉड पूर्ण लांब करायचा, कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावायचा, आणि काठी सरळ डोक्यावर धरायची. मी लांब केला, टच् केलं, आणि उंच धरला.

लिलाव पुकारणाऱ्याने माझ्याकडे बोट केलं. “बांगडो पाव्हण्यांचो!”

सगळं कडं वळून माझ्याकडे बघू लागलं.

“मी काही बोललोच नाही,” मी म्हणालो.

“काठी वर केलास मां?”

“ही काठी नाही, मोनोपॉड आहे.”

“कायव आसांदे. वर केलास.”

ज्या माणसाने घरी कधी पाव किलो मासळी आणली नाही, त्याच्या पायाशी बांगड्यांचा ढीग आला. मी जागच्या जागी थिजलो. काठी खाली घ्यावी, तर खाली घेण्याचा इथे काय अर्थ होतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी ती तशीच वर धरून उभा राहिलो आणि वर कॅमेरा आपला खटाखट फोटो काढत राहिला.

तेवढ्यात मावशी आली. पदर खोचलेला, माणसं बाजूला सारत.

“कोण रे तो? माझ्या जावयाक बांगडे इकता? तेंका माशातला काय कळता? तेंच्या गावात नळाक पाणी येणा नाय, मासो खयसून येतलो?”

सगळा किनारा हसला. सोलापूरची अशी जाहीर बदनामी मला आवडली नाही, पण खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“आणि बांगडो तरी ताजो आसा काय?” तिने ढिगातला एक उचलला. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने दाबला, नाकाशी धरला. पुन्हा धरला. मावशीचा चेहरा हळूहळू बदलला.

“जावयानू,” ती म्हणाली, “बांगडो बरो आसा. घेवया.”

“अहो मावशी!”

“तुमी गप रवा. आता दर मी सांगतंय.”

आणि तिने सांगितला. पुकारणाऱ्याने देवाची शपथ घातली, मावशीने त्याच्या बापाची ओळख काढली, त्याने आपल्या आईची आठवण दिली, मावशीने ती आई आपल्याकडून भाकऱ्या नेत असे ते सांगितलं. ढीग तिच्या दराने तिचा झाला. मग एकदम तिचं बोट वर, माझ्याकडे आलं.

“आणि तुमी ती काठी कित्याक वर धरलास? खाली घेवा, नायतर ही सुरमय पण तुमचीच होतली!”

मी घाईघाईने काठी खाली घेतली. त्या घाईत खटका मावशीच्या पिशवीच्या बंदात अडकला, पिन अर्थातच लावलेली नव्हती, आणि टच् होऊन कॅमेरा सुटला तो सरळ बांगड्यांच्या ढिगात. झटकन सुटण्याचं काम त्याने कंपनीने सांगितलं होतं तितकंच चोख केलं. मावशीने त्याला बाहेर काढलं, पदराने पुसलं, नाकाशी धरलं आणि माझ्या हातात दिलं.

“ह्या पण ताजा आसा,” ती म्हणाली.

एवढे बांगडे आमच्याने खपणार नव्हतेच. मावशीने परतीच्या वाटेवर ओळखीच्या घरांसमोर टेम्पो थांबवून थांबवून ते वाटले. प्रत्येक ठिकाणी “आमच्या जावयान घेतल्यान” असं सांगायला ती विसरली नाही.

पुन्हा कणकवली

दवाखान्याच्या दारात मावशीने कुड्या काढून शुभाच्या हातात दिल्या. आदल्या दिवशी सगळा किनारा गाजवणारी ती बाई एकदम लहान दिसायला लागली. “भिती वाटता गो,” ती म्हणाली, आणि तशीच नर्सचा हात धरून आत गेली. मला गलबलून आलं. दोन दिवस तिला जावयाची मिजास दाखवत हिंडत होतो, आणि बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर कळलं की मला या म्हातारीचा लळा लागला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरू नये हे मला नीट ठाऊक होतं. तरी घाबरलो होतो.

शुभाला तिथे बसवून प्रकाश आणि मी फोटो छापायला बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. कॅमेऱ्याला बांगड्याचा वास येत होता, पण आतले फोटो शाबूत होते. आधी खुर्चीवरचे आले. प्रकाशने मान खाली घातली. मग लिलावाचे यायला लागले. नुसती डोकी, पाठी, टोप्या. मग एक असा आला, की स्टुडिओवाल्याचा हात आपोआप थांबला.

वरून घेतलेला. चहूकडे माणसांची डोकी, मधे रिकाम्या वाळूत मावशी एकटी, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. एका हातात बांगडा, दुसऱ्या हाताचं बोट वर, तोंड शब्दाच्या मध्यावर उघडं. चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या मागे हसू निघण्याच्या तयारीत होतं. आणि फोटो हललेला नव्हता. मी घाबरून इतका ताठलो होतो की हात थरथरायचे विसरले. नाना याचं श्रेय कुणाला देतील ते मला ठाऊक होतं.

प्रकाश पडद्याकडे बघत राहिला. “भावोजी,” तो म्हणाला, “माका रोज सकाळी ही अशी उठयता.”

“याच्याखाली जेवायला भीती नाही वाटणार?”

“वाटतली. पण ती सवयीची आसा.”

दोन्ही छापले, खुर्चीवरचाही आणि हाही. मावशीने सांगितलं होतं त्यातलं बंदरावरच्या फोटोत एकच होतं, कोपर नव्हतं. ती रागावणार याबद्दल आमचं एकमत होतं.

शेवटचा दिवस, मिठबाव

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन डोळ्यावरची पट्टी काढली आणि काळा चष्मा लावून मावशी घरी आली. अंगणात पाऊल ठेवल्यापासून तिचं नव्या डोळ्याने बघणं सुरू झालं. पडवीत कोळिष्टकं आहेत. शुभा केस रंगवते. दाराचा रंग हिरवा नसून निळा आहे आणि हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं.

“जावयानू, तुमी इतके म्हातारे कदी झालास?”

मी दोन्ही फोटो पुढे केले. प्रकाश दाराजवळ उभा राहिला, वेळ आली तर बाहेर पडता यावं अशा बेताने.

तिने आधी खुर्चीवरचा घेतला, चष्मा किंचित वर केला, बघितला आणि पालथा घातला. “ही बाय मेलेलीच आसा,” ती म्हणाली. मग दुसरा घेतला. जवळ धरला, लांब धरला. जुना डोळा मिटून नव्याने बघितलं.

“ही कोणावर तापली आसा?”

“माझ्यावर,” मी म्हणालो.

“मगे बरोबर.”

पुन्हा बराच वेळ बघत राहिली. फोटोतल्या आपल्या उगारलेल्या बोटावरून तिने अंगठा फिरवला.

“मी हार घालूचो फोटो सांगितलंय,” ती म्हणाली. “ह्या बायेच्या गळ्यात हार घालूक कोण जातलो? हात मोडून ठेवीत ती.”

“मगे हो खंय लावूया, आये?” प्रकाशने दारातून विचारलं.

“चुलीसमोर लाव. माका बघूचो आसा.” तिने फोटो त्याच्या हातात दिला आणि पदराने काळ्या चष्म्याच्या कडेने गालावर आलेलं पाणी टिपलं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं, डोळ्यातून येण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

निघताना मी टेम्पोत मागे चढलो. ती गडग्याशी आली.

“जावयानू, तो हाराचो फोटो मगे काढा. फुडल्या वर्साक, नायतर तेच्या फुडल्या. घाई नाय.”